सटाण्याला पाठवलेला गजरा

धातू कापणाऱ्या यंत्राचं तेल, तापलेलं लोखंड आणि एसीच्या जाळीत वर्षानुवर्षं अडकून बसलेली धूळ यांचा मिळून एक वास तयार होतो. अंबडच्या आमच्या कारखान्यातल्या बैठकीच्या खोलीत तो जूनच्या आरंभी इतका दाट असतो की खिडकी उघडली तर तो बाहेर जाण्याऐवजी बाहेरच्या उन्हालाच आत ओढून घेईल असं वाटतं. पुष्पांचा विचार मनात यावा अशी ती जागा नव्हे. पण माणूस अशाच ठिकाणी उदार होतो. समोरच्या पडद्यावर उत्पादनाचे आलेख चढत-उतरत होते, माझ्या मांडीवर टेबलाखाली मोबाईल होता, आणि त्या मोबाईलमध्ये दवबिंदूंसकट फुललेली पांढरी लिली, जांभळं ऑर्किड आणि त्यांच्याभोवती धुक्यासारखा पसरलेला कसलासा नाजूक पाला दिसत होता. खाली लिहिलं होतं की आम्ही ताजी फुलं तुमच्या गावातल्याच फुलवाल्याकडून पोहोचवतो, गाव कितीही लहान असो. मी गावाच्या चौकटीत ‘सटाणा’ असं टाकलं. चौकट हिरवी झाली. मला उगाचच सटाण्याचा अभिमान वाटला.

त्या दिवशी मामीचा वाढदिवस होता. एक जून. म्हणजे तो तिचा असा खास नव्हे. तिच्या पिढीतल्या अर्ध्या बागलाण तालुक्याला शाळेच्या मास्तरांनी ज्या तारखेला जन्माला घातलं, ती तारीख. मामीला तिचा खरा जन्म ‘कांदे काढणीच्या वेळचा’ एवढाच ठाऊक आहे. पण आधार कार्डानं दिलेली तारीख तिनं, सरकारकडून काहीतरी फुकट मिळाल्याच्या आनंदात, मनापासून स्वीकारली आहे. यंदा तिनं मला आठवडाभर आधी फोन करून बजावलं होतं, “बापू, येजो. रस-मांडे कराना शेत.” तिची बोली अशी निम्मी अहिराणी, निम्मी मराठी, ‘शे-शेत’ म्हणजे आहे-आहेत आणि ‘मनं-तुनं’ म्हणजे माझं-तुझं; माझ्याशी बोलताना ती मराठीचा पदर जरा जास्त ओढून घेते, मी नाशिकचा म्हणून. मी येतो म्हणालो होतो. मग ही बैठक आली. खरं सांगायचं तर बैठक टाळता आली असती, पण दोन तास गाडी, परत दोन तास गाडी, वर ते ऊन. मी स्वतःच्या जागी फुलं पाठवायचं ठरवलं. फुलांना ऊन लागत नाही अशी माझी समजूत असावी.

या मामीचं आणि माझं नातं नुसत्या मामी-भाच्याचं नाही. लहानपणी माझ्या सगळ्या सुट्ट्या तिच्या ओसरीवर गेल्या. त्या सुट्ट्यांचा वास मला अजून वेगळा काढून दाखवता येईल. मामाचा कांद्याचा व्यापार होता. बाजारच्या दिवशी तो संध्याकाळी घरी यायचा तो कांद्याच्या टरफलांनी माखलेला, आणि सदऱ्याच्या खिशात पानात गुंडाळलेला गजरा घेऊन. तो गजरा दिवसभर कांद्याच्या सहवासात राहिलेला असे. त्यामुळे मामीच्या अंबाड्यात जो मोगरा फुलायचा त्याला एक झणझणीत काठ असे. मी मोठा होऊन शहरातला शुद्ध मोगरा हुंगला तेव्हा मला तो अळणी वाटला होता. मामी गजरा घ्यायची तेव्हा “एवढा कशाला?” म्हणायची, आणि छोटा आणला तर दिवसभर बोलायची नाही. तिचे केस होतेच तसे. ती न्हाऊन अंगणात उन्हाला बसली की शेजारणी कामं सोडून पाहायला यायच्या.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो गेला त्यानंतरच्या विधींत बायकांनी मामीच्या अंगावरून जे जे उतरवायचं ते उतरवलं, तेव्हा मी ओट्यावर हाताची घडी घालून उभा होतो आणि मनातल्या मनात अतिशय पुरोगामी होतो. पुढे हा पुरोगामीपणा मी वाया जाऊ दिला नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत महिला दिनाच्या कार्यक्रमात विधवांच्या वाट्याला येणाऱ्या रूढींवर मी असा काही बोललो की दोन बायकांनी डोळे पुसले आणि अध्यक्षांनी मला शाल दिली. शालीबरोबर पुष्पगुच्छही होता. तो मी घरी आणून फ्रीजवर ठेवला आणि तिथेच वाळवला.

असो. त्या बैठकीतच फोन आला. नंबर अनोळखी. मी वाकून, तोंडावर हात धरून घेतला.

“साहेब, सटाण्याहून बोलतो, फुलवाला. तुमची ऑर्डर हाय ना? ते फोटोत दाखवेल फुलं इथं भेटत नाय. या उन्हात ती लिली मालेगावाला बी सापडणार नाय.”

“मग जे चांगलं असेल ते करा,” मी कुजबुजलो. समोरून आमचे संचालक माझ्याकडे पाहत होते.

“मोगरा हाय. सकाळचा तोडेल, एकदम कडक. बाईमाणसासाठी हाय ना? मंग गजराच करतो, मोठा. चालंल?”

“हो हो, चालेल. छान करा,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानं सरळ विचारलं होतं, मी सरळ उत्तर दिलं होतं. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे दिवसभर मी ‘फुलवाल्याची चूक’ हे दोन शब्द ज्या सहजतेनं वापरले, तिला तोड नाही.

तासाभरात फोटो आला: फुलं पोहोचली. मी तो नीट न पाहताच आमच्या आजोळच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘मामीला सुगंधी शुभेच्छा! अंतर कितीही असो!’ मग चहा घेताना तो फोटो मोठा करून पाहिला. उंबऱ्यात उभ्या असलेल्या मामीचे फक्त हात दिसत होते. गोंदलेली मनगटं, रिकामी. आणि दोन्ही तळव्यांवर, केळीच्या पानाच्या तुकड्यात, भरगच्च, पांढराशुभ्र, ओला गजरा.

ग्रुपवर एरवी कुणी शिंकलं तरी वीस अंगठे उमटतात. तिथे पूर्ण शांतता होती. मग बायकोचा, मेधाचा, फोन. “अहो, तुम्ही मामींना गजरा पाठवलात?” एवढंच ती म्हणाली. मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. घाईत आहे म्हणालो, फोन तोडला आणि सटाण्याला लावला.

मामीनं पहिल्या घंटेला उचलला. तिच्या आवाजात हसू होतं, मला ते ऐकू आलं होतं, हेही नोंदवायला हवं. “बापू! फुलं उनात रे भाऊ!” म्हणजे आली. “काय वास शे, आख्खं घर भरी गयं…”

आणि मी सुरू झालो. “मामी, माफ कर. फुलवाल्याची चूक झाली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत आपल्या घरातलं. मी दुसरी फुलं सांगितली होती, नुसती ठेवायची. मी तुला असं काही पाठवीन का? मला कळतं गं सगळं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तो गजरा देवाला वाहून टाक.” मी हे सगळं इतक्या सफाईनं, इतक्या ओघवत्या शैलीत बोललो की कँटीनमधला एक सहकारी कौतुकानं पाहत राहिला. महिला दिनाच्या भाषणातही मी एवढा रंगलो नव्हतो.

पलीकडून फक्त पंख्याचा आवाज आला. मग मामी हळू म्हणाली, “देवले नही चालत आते ती फुलं.” आणि लगेच, “बरं बरं. बघते मी. तू जेवला का?”

जेवलो म्हणालो. देवाला का चालत नाहीत, हे विचारायचं मला सुचलं नाही. मोगरा कोणत्या देवाला वर्ज्य असतो हा प्रश्न मनात येऊन गेला, पण तो भटजींवर सोपवून मी ग्रुपवर दुसरा संदेश टाकला: ‘स्थानिक फुलवाल्याच्या गैरसमजामुळे झालेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. मामीशी बोललो आहे.’ आता अंगठे उमटू लागले. मामेभावंडं, मावश्या, थेट पुण्याचे काका. एकानं ‘समजूतदार भाचा’ असंही लिहिलं. मी निर्धास्त होऊन बैठकीत परतलो.

संध्याकाळी गॅलरीत चहा घेताना मी मेधाला ही सगळी कथा, माझ्या प्रसंगावधानाला योग्य ती जागा देत, सांगितली. पश्चिमेकडून त्या वेळी एक तांबूस, धुळकट प्रकाश येत असतो. त्यात माणसाचा चेहरा असतो त्यापेक्षा मऊ दिसतो. मेधाचा तसा दिसत नव्हता.

“देवाला चालत नाहीत, असं म्हणाल्या त्या?”

“हो. काहीतरी असेल त्यांच्याकडे.”

“अहो,” ती म्हणाली, आणि तिनं कप खाली ठेवला, “माळलेलं फूल देवाला चालत नाही.”

प्रकाश तसाच होता. खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. माझ्या मनात मात्र एक एक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. पहिल्या घंटेला उचललेला फोन, ते हसू, घरभर भरलेला वास, मग पंख्याचा आवाज. मी तिला देवाला वाहायला सांगत होतो तो गजरा त्या वेळी तिच्या केसांत होता.

“आणि दुपारी मी रागावून फोन केला असं वाटलं तुम्हाला?” मेधा म्हणाली. “मला कौतुक वाटलं होतं. म्हटलं, चला, भाषणातलं काहीतरी एकदा घरापर्यंत आणलंत.”

मी सटाण्याला मामेभावाच्या बायकोला, उज्ज्वलाला, फोन लावला. ती आधी काही सांगायला तयार नव्हती. मग म्हणाली, “दादा, मीच माळून दिला होता ओ. नको नको म्हणत होत्या, आन् पाट घेऊन माझ्यासमोर बसल्या पण. मग आरशापासून हलंनात. तुमचा फोन ठेवला तशा आत गेल्या. बाहेर आल्या तर केस मोकळे. मला विचारलं, गुरुपवर कोणी काय लिहिलं का. मी म्हटलं नाय. पण नातवानं दाखवलं त्यांना.”

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ घोटाळे केले आहेत, आणि ते रंगवून सांगण्याचं मला व्यसन आहे. चुकीच्या लग्नात जेवून, चुकीच्या नवरदेवाला आहेर देऊन आलोय. ते सगळे घोटाळे सांगताना शेवटी लोक हसतात आणि मी सुटतो. या घोटाळ्यात मला सुटायची जागा सापडेना. कारण चूक घडली ती गजऱ्यात नव्हती. गजरा हीच त्या दिवसातली एकमेव बरोबर गोष्ट होती, आणि ती माझ्या बेफिकिरीतून झाली होती. चुकलो ते पुढे, पूर्ण शुद्धीत, सौजन्यानं, माफी मागताना. आणि माफी तरी कुणाची? मामीची नव्हेच. ज्यांचे अंगठे उमटत नव्हते त्यांची. एका बाईला कित्येक वर्षांनी आरशासमोर थांबावंसं वाटलं होतं, आणि मी नव्वद किलोमीटरवरून हात लांब करून तिच्या केसांतली फुलं काढून घेतली होती. तेरवीला ज्या बायकांनी ते काम केलं त्यांच्या डोळ्यांत निदान पाणी होतं.

रविवारी मी सटाण्याला निघालो. अर्थात रिकाम्या हातांनी नव्हे. माझ्यासारख्या माणसाला चूक कळली की लगेच ती दुरुस्त करण्याचा उत्साह चढतो, आणि तो मूळ चुकीपेक्षा घातक असतो. सकाळी फुलबाजारात जाऊन मी सर्वांत मोठा गजरा घेतला, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला, डबा शेजारच्या सीटवर ठेवून एसीचा झोत त्याच्याकडे वळवला. स्वतः घामानं निथळत गाडी चालवत होतो, आणि त्यात मला प्रायश्चित्ताचं समाधान मिळत होतं. वाटेवरच्या देवळा गावाच्या अलीकडे कांदे साठवायच्या चाळी सुरू झाल्या. नुकत्या भरलेल्या, बांबूच्या फटींतून लालसर टरफलं बाहेर डोकावणाऱ्या. तो वास गाडीत शिरला, मोगऱ्यात मिसळला, आणि मला मामा इतका अचानक आठवला की गाडी बाजूला घ्यावी लागली. तिथे उभा राहून मी मामीसमोर काय बोलायचं त्याची तालीम केली.

घरात मामी होती, उज्ज्वला होती, आणि पापड लाटायला आलेली शेजारची एक काकू. मी त्या काकूंना जाऊ द्यायला हवं होतं. पण मला वाटलं, चारचौघांत काढून घेतलं तर चारचौघांतच परत करावं. डबा उघडून, गजरा दोन्ही हातांवर धरून मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मामी, माझं चुकलं. या जुन्या गोष्टी आपण पाळायच्या नाहीत. हा तू सगळ्यांसमोर माळायचास.”

पापडाच्या लाट्या करणारे काकूंचे हात थांबले. मामीनं माझ्याकडे पाहिलं, गजऱ्याकडे पाहिलं.

“परवा म्हणे काढ, आज म्हणे घाल,” ती म्हणाली. “मनं डोकं शे का तुनं हापिस, रे?”

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. उज्ज्वलाही हसली. मीही हसलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मामीनं गजरा माझ्या हातांतून घेतला, दातानं दोरा तोडला, अर्धा उज्ज्वलाच्या वेणीत खोचला आणि अर्धा काकूंपुढे धरला. “घ्या वं. नाशिकना शे.” मग ती रस काढायला आत गेली.

मी मागून गेलो. आंब्याची कोय पिळताना तिचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं, आतला अंधार गार होता, आणि त्या अंधारात आंब्याचा वास इतका भरून राहिला होता की दुसऱ्या कशालाही जागा नव्हती. मी विचारलं, “रागावलीस?”

“राग कसाना?” ती म्हणाली. कोय बाजूला टाकली, दुसरा आंबा घेतला, तो बराच वेळ हातांत नुसताच मऊ करत राहिली. “तुना फोन आला ना, तेव्हा सांगणार होते तुले, की पोरा, घातला बरं का मी. तुलेच पहिलं सांगणार होते. पण तू बोलतच राहिला.”

यावर मी काही बोललो नाही. त्या दिवसांतलं माझं पहिलं शहाणपण असेल ते, किंवा नुसतं शब्द संपणं असेल.

तिनं मला रस वाढला, मांडे वाढले, नको म्हणताना पुन्हा वाढले. जेवताना मला कळत होतं की मी काय परत द्यायला आलो होतो. परवानगी. ती तिनं मागितली नव्हती. मी ती आधी काढून घेतली, मग उदार होऊन परत करायला आलो, आणि दोन्ही वेळा ती माझीच मालमत्ता असल्यासारखा वागलो. तिचा तो आरशासमोरचा वेळ मात्र कुणी दिलेला नव्हता. पाट घेऊन ती आपणहून बसली होती. आता ती पुन्हा तशी बसेल का, हे मला फार जाणून घ्यायचं होतं, आणि ते विचारण्याचा हक्क तेवढा मी पुरता घालवून बसलो होतो.

निघताना ती गाडीपर्यंत आली. कुरडयांचा डबा, उन्हाळ कांद्यांची पिशवी, मेधासाठी शेवया. डिकीत पिशवी नीट लागावी म्हणून ती वाकली आणि माझी नजर नकळत तिच्या अंबाड्यावर गेली. केस आता पांढरे आहेत, पण अंबाडा अजून मोठा आहे, चापूनचोपून घातलेला. मी त्यात काय शोधत होतो कोण जाणे. एखादी राहून गेलेली पाकळी, एखादा पांढरा दोरा, मला बरं वाटावं असं काहीतरी. ती वळली तेव्हा मी तसाच पाहत होतो, आणि मी पाहतोय हे तिनं पाहिलं.

तिनं पदर उचलून डोक्यावरून घेतला.

सासऱ्यांसमोर, थोरल्या दिरांसमोर, गावातल्या मानाच्या माणसांसमोर तिला पदर घेताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ते आले की पदर वर जायचा, ते गेले की खाली यायचा, आणि मधल्या वेळात मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला असायचो. माझ्यासमोर तिनं तो कधी घेतला नव्हता.

गाडी वळेपर्यंत ती आरशात दिसत होती. एका हातानं कपाळावरचा पदर धरलेला, दुसरा हात हलवणारा. देवळा येईपर्यंत मी स्वतःला समजावत राहिलो की बाहेर ऊन फार होतं. ऊन फार होतंच.